एकचाकीवर हेल्मेट लागतं का? एका व्याख्येची चिकित्सा

संशोधनाचा प्रस्ताव लिहिताना आपण सगळ्यात कमी वेळ कशाला देतो? व्याख्यांना. उद्दिष्टं लिहायला आठवडा लागतो, संदर्भसाहित्याच्या आढाव्याला दोन महिने, आणि ‘संज्ञांच्या व्याख्या’ हे अर्धं पान आदल्या रात्री कुठल्या तरी जुन्या प्रबंधावरून उतरवलं जातं. पेट किंवा नेटची तयारी करताना कार्यात्मक व्याख्या म्हणजे काय ते पाठ होतं, पण ती चुकली तर नक्की काय बिघडतं हे कुणी दाखवत नाही.

म्हणून आज एका व्याख्येची चिकित्सा करू. मुद्दाम आपल्या विषयाबाहेरची घेतली आहे, म्हणजे कुणाच्या गाईडला वाईट वाटायला नको. मोटार वाहन कायदा, १९८८. प्रश्न एका ओळीचा आहे: मीरा रोडच्या रस्त्यावर कुणी एकचाकी, म्हणजे युनिसायकल चालवली तर ते वाहन कोणत्या वर्गात बसतं, आणि चालवणाऱ्याला हेल्मेट सक्तीचं आहे का?

प्रश्न हास्यास्पद वाटेल. एकचाकी म्हटलं की आपल्याला सर्कस आठवते. पण व्याख्या तपासायची असेल तर मधलं, सरळ उदाहरण उपयोगाचं नसतं. स्कूटर घेतली तर प्रत्येक व्याख्या बरोबरच ठरते. कडेचं उदाहरण घेतलं की भिंतीला कुठे भेग आहे ते दिसतं.

आधी मजकूर नीट वाचू

हेल्मेटचं कलम १२९. ते लागू होतं मोटारसायकलवर बसलेल्याला, चालवणाऱ्यालाही आणि मागे बसलेल्यालाही. म्हणून आधी ‘मोटारसायकल’ची व्याख्या बघावी लागते. ती कलम २ मध्ये आहे: दोन चाकांचं मोटार वाहन, सोबत जोडता-काढता येणारी साइडकार असली तर तीही त्यात धरायची. म्हणजे दोन अटी झाल्या. वाहन ‘मोटार वाहन’ असलं पाहिजे, आणि चाकं दोन असली पाहिजेत.

आता ‘मोटार वाहन’ म्हणजे काय? यांत्रिक शक्तीने चालणारं, रस्त्यावर वापरण्याजोगं वाहन. यातून काही गोष्टी वगळल्या आहेत: रुळांवर चालणारी वाहनं, फक्त कारखान्यात किंवा बंदिस्त आवारात वापरायची खास वाहनं, आणि चारपेक्षा कमी चाकं व २५ सीसीपर्यंतचं इंजिन असलेली वाहनं.

पायडलची एकचाकी इथेच बाहेर पडते. यंत्र नाही, म्हणून मोटार वाहन नाही. मोटार वाहन नाही, म्हणून मोटारसायकल नाही. म्हणून कलम १२९ नाही. साध्या सायकललाही हाच न्याय. आपल्याकडे सायकलस्वाराला मोटार वाहन कायद्याने हेल्मेट सक्तीचं नाही.

पण एकचाकी कायद्याच्या पूर्ण बाहेर आहे असंही नाही. महाराष्ट्र पोलीस अधिनियम, १९५१ उघडा. तिथे ‘वाहन’ या शब्दाची व्याख्या बरीच ऐसपैस आहे. गाडा, हातगाडी, सायकल, तीनचाकी सायकल, मोटार अशी यादी येते आणि शेवटी रस्त्यावर वापरली जाते किंवा वापरता येईल अशी चाकं असलेली कुठलीही गोष्ट त्यात घेतली आहे. किती चाकं, ते सांगितलेलं नाही. म्हणजे आपली एकचाकी तिथे ऐटीत ‘वाहन’ ठरते. याच अधिनियमाच्या कलम ३३ खाली पोलीस आयुक्तांना रस्त्यावरच्या सगळ्या प्रकारच्या रहदारीचे नियम करता येतात. मीरा-भाईंदर, वसई-विरारचं पोलीस आयुक्तालय २०२० मध्ये झालं, त्यामुळे आता हा अधिकार आपल्याकडच्या आयुक्तांचा. शिवाय भारतीय न्याय संहितेचं कलम २८१ आहेच: सार्वजनिक रस्त्यावर बेदरकारपणे कुठलंही वाहन चालवणं हा गुन्हा. तिथेही चाकं मोजलेली नाहीत.

थोडक्यात, एकच वस्तू एका कायद्यात वाहन आहे आणि दुसऱ्या कायद्यात मोटार वाहन नाही. यात विसंगती काही नाही. प्रत्येक व्याख्या आपल्या कायद्याच्या हेतूपुरती असते. तुमच्या प्रबंधातलीही तशीच असते. दुसऱ्याच्या प्रबंधातली व्याख्या जशीच्या तशी उचलणं धोक्याचं असतं ते यामुळेच.

एका कंसाची गंमत

कलम १२९ चा १९८८ सालचा मूळ इंग्रजी मजकूर मिळाला तर जरूर बघा. त्यात कंस चुकीच्या जागी पडला आहे. सांगायचं होतं ते असं: मोटारसायकलवर (साइडकार सोडून) बसलेल्या प्रत्येकाने हेल्मेट घालावं. पण कंस साइडकारपाशी न संपता पुढे मोटारसायकलपर्यंत गेला आणि ‘मोटारसायकल’ हा शब्दच कंसात अडकला. आता कंस झाकून वाक्य वाचलं तर उरतं एवढंच: चालवणाऱ्या किंवा स्वार झालेल्या प्रत्येक व्यक्तीने सार्वजनिक ठिकाणी हेल्मेट घालावं. कशावर स्वार? वाक्य गप्प. मग घोड्यावरचा नवरदेवही आला आणि एकचाकीवाला तर आलाच!

व्यवहारात कुणी ते तसं वाचलं नाही, मोटारसायकलपुरतंच वाचलं. पुढे २०१९ च्या दुरुस्तीत वाक्य नव्याने लिहिलं गेलं: चार वर्षांवरची प्रत्येक व्यक्ती, मोटारसायकलवर चालवत, स्वार होऊन किंवा बसून जात असेल तर. (पगडी घालणाऱ्या शीख व्यक्तींना सूट तेव्हाही होती, आताही आहे.) एकचाकी ज्या फटीतून चुकून आत आली होती ती फट बुजली.

धडा साधा आहे. वाचणारे समजूतदार असले म्हणून व्याख्या बरोबर ठरत नाही. सर्वेक्षणाच्या प्रश्नावलीत असा कंस पडला तर उत्तर देणारे तुमचा हेतू ओळखून उत्तरं देतीलच असं नाही.

मोटार बसवली की मग?

खरी पंचाईत विजेवर चालणाऱ्या एकचाकीची आहे. मध्ये एक चाक, दोन्ही बाजूंना पाय ठेवायला जागा, पुढे झुकलं की पळते. काही मॉडेल ताशी ५० किलोमीटरच्याही पुढे जातात.

कायद्यातली सूट आठवा: चारपेक्षा कमी चाकं आणि २५ सीसीपर्यंत इंजिन. एक हा आकडा चारपेक्षा कमीच आहे, तेव्हा पहिली अट पूर्ण. दुसरी? विजेच्या मोटारीला सीसी नसतात. सीसी म्हणजे सिलिंडरचं आकारमान. इथे सिलिंडरच नाही. शून्य धरायचं की लागू नाही म्हणायचं? विज्ञानाच्या विद्यार्थ्याला हा फरक कळायलाच हवा. ‘शून्य’ हे मोजमाप आहे. ‘लागू नाही’ म्हणजे मोजपट्टीच चुकीची. एक्सेलच्या रकान्यात रिकाम्या जागी ० भरणारे आपल्यातही आहेत, आणि त्या सरासरीचं पुढे काय होतं तेही आपण बघतो.

केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधल्या बॅटरीवरच्या वाहनाच्या व्याख्येने यावर तोडगा काढला. मोटारीची तीस मिनिटांची शक्ती ०.२५ किलोवॅटपेक्षा कमी, कमाल वेग ताशी २५ किलोमीटरपेक्षा कमी, आणि हे नियम १२६ मधल्या मान्यताप्राप्त चाचणी संस्थेने तपासून प्रमाणित केलेलं असेल, तर ते मोटार वाहन समजायचं नाही. शेवटची अट लोक विसरतात. डब्यावर ‘२५० वॅट’ छापलं म्हणून सूट मिळत नाही. कुणीतरी मोजून सांगावं लागतं.

आता ५० च्या वेगाची एकचाकी या चाळणीतून घाला. सूट मिळत नाही, म्हणजे ती मोटार वाहन. म्हणजे नोंदणी हवी, लायसन्स हवं, विमा हवा. नोंदणी कुठल्या वर्गात? एकचाकीचा वर्गच नाही. म्हणजे सार्वजनिक रस्त्यावर आणणंच बेकायदा. पण हेल्मेट? चाकं दोन नाहीत, म्हणून मोटारसायकल नाही, म्हणून कलम १२९ लागत नाही. नोंदणी नसल्याबद्दल हवालदार तिला काशिमीऱ्याला अडवू शकतो. डोकं उघडं असल्याबद्दल कलम १२९ खाली पावती फाडू शकत नाही. सगळ्यात जास्त हेल्मेटची गरज असलेलं वाहन हेल्मेटच्या कलमातून सुटलं.

हा घोळ फक्त आपलाच नाही. १९६८ च्या व्हिएन्ना रस्ते वाहतूक करारात ‘सायकल’ म्हणजे किमान दोन चाकांचं, माणसाच्या शक्तीने चालणारं वाहन. भारत १९८० मध्ये या करारात सामील झाला. ब्रिटनच्या १९८८ च्याच रस्ते वाहतूक कायद्यात दोन, तीन, चार आणि त्याहून जास्त चाकांच्या सायकली आहेत. एक चाक तेवढं नाही. ऑस्ट्रेलियातल्या व्हिक्टोरिया राज्याने १९९० मध्ये सायकलस्वारांना हेल्मेट सक्तीचं केलं, पण तिथल्या रस्ते नियमांत सायकल म्हणजे दोन किंवा जास्त चाकं आणि पट्टा, साखळी किंवा गिअरमधून जाणारी शक्ती. साध्या एकचाकीचं पायडल थेट चाकाच्या आसाला असतं. ती दोन्ही परीक्षांत नापास.

चाकं मोजून धोका मोजता येतो का?

आता मुख्य आक्षेप. हेल्मेटच्या कलमाचा हेतू काय? डोक्याची इजा टाळणं. मग जे मोजायचं ते डोक्याला बसणाऱ्या आघाताची शक्यता आणि तीव्रता. कायदा मोजतो काय? चाकांची संख्या आणि मोटारीची शक्ती. संशोधनाच्या भाषेत हे प्रतिनिधी चल झाले. मूळ गोष्ट मोजता येत नाही म्हणून तिच्या जागी उभे केलेले.

अकरावीचं भौतिकशास्त्र वापरून बघू. १.६ मीटर उंचीवरून डोकं खाली आलं तर जमिनीला टेकताना त्याचा वेग २ × ९.८ × १.६ याचं वर्गमूळ, म्हणजे सेकंदाला ५.६ मीटर. ताशी साधारण २० किलोमीटर. एकचाकीवर बसल्यावर डोकं दोन मीटरवर धरा. वेग ताशी साडेबावीसच्या आसपास जातो. युरोपातल्या सायकल हेल्मेटच्या ईएन १०७८ या मानकात सपाट पृष्ठभागावरच्या आघाताची चाचणी सेकंदाला ५.४२ मीटर वेगाने होते. म्हणजे साधारण दीड मीटरवरून पडणं. हे सगळे आकडे एकमेकांच्या शेजारी बसतात. यात गाडीचा पुढे जाण्याचा वेग कुठेही आलेला नाही.

म्हणजे सपाट रस्त्यावर आडवं पडलात तर डोकं जमिनीवर किती जोरात आपटेल हे मुख्यतः उंचीवर ठरतं. पुढचा वेग कामाला येतो तो समोर काही उभं असलं की: दुभाजक, ट्रकचा मागचा भाग, मेट्रोचा खांब. तेव्हा ताशी २४ आणि ताशी ६० यांत जमीन-अस्मानाचा फरक पडतो. धोका असा दोन भागांचा असताना ‘ताशी २५ च्या खाली’ ही अट फक्त दुसऱ्या भागाकडे बघते.

एकचाकीची दुसरी बाजूही सांगायला हवी. पुढे हँडल नसल्याने पायडलवाला तोल गेला की बहुतेक वेळा पायांवर उतरतो. म्हणजे उंची जास्त, पण डोकं आपटण्याची शक्यता कदाचित कमी. चाकं कमी म्हणून धोका कमी हे जसं सिद्ध होत नाही, तसं चाकं कमी म्हणून धोका जास्त हेही होत नाही. चाकांचा आकडा या बाबतीत मुकाच आहे.

पन्नास हजारांचा आकडा कसा वाचायचा

हेल्मेटवरच्या प्रत्येक भाषणात केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या अहवालातले आकडे येतात. २०२२ मध्ये देशात रस्ते अपघातांत १,६८,४९१ माणसं गेली. त्यात दुचाकीवरची ७४,८९७. हेल्मेट न घातलेले मृत ५०,०२९; पैकी ३५,६९२ चालवणारे आणि १४,३३७ मागे बसलेले.

५०,०२९ भागिले ७४,८९७, म्हणजे सुमारे ६७ टक्के. ‘मेलेल्या तिघांपैकी दोघांनी हेल्मेट घातलं नव्हतं, म्हणून हेल्मेट घाला.’ निष्कर्ष बरोबर आहे, युक्तिवाद अपुरा. कारण छेद नाही. अपघातात सापडलेल्या सगळ्या दुचाकीस्वारांपैकीच ६७ टक्के बिनहेल्मेटचे असतील, तर हा आकडा हेल्मेटबद्दल काहीच सांगत नाही. ४० टक्केच बिनहेल्मेटचे असतील, तर त्यांचा धोका हेल्मेटवाल्यांच्या तिप्पट निघतो. तोच अंश, छेद बदलला की गोष्ट बदलली.

मग हेल्मेट उपयोगी आहे हे कळतं कुठून? छेद असलेल्या अभ्यासांतून. २००८ च्या कॉक्रेन पुनरावलोकनाने अनेक अभ्यास एकत्र तपासून सांगितलं की मोटारसायकलच्या अपघातात हेल्मेटमुळे मृत्यूचा धोका सुमारे ४२ टक्के आणि डोक्याच्या इजेचा सुमारे ६९ टक्के कमी होतो. हा आकडा आपल्याकडे लागू धरून उलटं गणित केलं, तर अपघातात सापडलेल्यांपैकी साधारण ५४ टक्के बिनहेल्मेटचे असावेत असं येतं. करून बघा, चार ओळींचं आहे. हे मोजमाप नाही, गृहीतकावरचा अंदाज आहे; पण निदान कुठला छेद शोधायचा ते कळतं.

आणि एकचाकी? ती या तक्त्यात कुठेच नाही. जिला वर्ग नाही तिला रकाना नाही, आणि जिला रकाना नाही तिचा अपघात आकडेवारीत ‘इतर’मध्ये जातो. मग दहा वर्षांनी कुणी म्हणतं, या वाहनाचे अपघात नोंदलेलेच नाहीत, तेव्हा नियमाची गरज काय? व्याख्येने आधी वस्तू अदृश्य केली आणि मग तिच्या अदृश्य असण्याचाच पुरावा दिला. तुमच्या प्रबंधात ‘इतर’ हा रकाना १५ टक्क्यांच्या वर गेला तर थांबा आणि आत डोकावा.

कायद्याची बाजू

इतकं झोडपल्यावर कायद्याची बाजू मांडणं भाग आहे. गोल्डन नेस्टच्या चौकात उभ्या हवालदाराला डोक्याची उंची आणि आघाताची ऊर्जा मोजायला सांगता येणार नाही. चाकं तो लांबून मोजू शकतो. शंभर हवालदारांनी एकच गाडी पाहिली तर शंभरही जण ‘दोन’ म्हणतील. याला विश्वसनीयता म्हणतात. कायद्याला ती लागतेच, नाहीतर पावती कुणाच्या लहरीवर फाटेल. कायद्याने वैधतेतलं थोडं देऊन विश्वसनीयता विकत घेतली. १९८८ मध्ये हा सौदा वाईट नव्हता. तेव्हा रस्त्यावर मोटार असलेलं आणि दोन चाकांचं जे काही होतं ते जवळपास सगळं स्कूटर, मोपेड किंवा मोटारसायकल होतं.

आक्षेप आहे तो सौदा पुन्हा न तपासण्याला. प्रतिनिधी चल मूळ गोष्टीशी जोडलेला असतो तो एका काळापुरता. काळ बदलला की दोरी सुटते.

आणि हे फक्त एकचाकीचं नाही

इथे विषय गंभीर होतो. मीरा रोड, भाईंदरच्या गल्ल्यांत एकचाकी क्वचितच दिसेल. पण कमी वेगाची विजेची स्कूटर प्रत्येक सिग्नलला दिसते. नंबरप्लेट नाही, लायसन्स लागत नाही, पाठीवर जेवणाची किंवा किराण्याची पिशवी. प्रमाणित असेल तर ती २५० वॅट आणि ताशी २५ च्या खालची, म्हणून मोटार वाहन नाही. म्हणजे दोन चाकं असूनही कलम १२९ नाही. शेजारून तितक्याच उंचीवर बसून जाणाऱ्या पेट्रोलच्या स्कूटरवाल्याला हेल्मेट नाही म्हणून दंड. याला काही नाही. मोटारीत किती वॅट आहेत हे डांबराला कळत नाही.

शिवाय या स्कूटर मागाहून वेग वाढवून विकल्या जातात. राज्याच्या परिवहन विभागाने मे २०२२ मध्ये अशा फेरफार केलेल्या गाड्यांविरुद्ध मोहीमही घेतली होती. चाकं लांबून मोजता येतात. वॅट मोजता येत नाहीत. म्हणजे या व्याख्येने वैधता मिळवली नाहीच, वर विश्वसनीयताही घालवली.

हेल्मेटपलीकडचंही ऐका. मोटार अपघात दावा न्यायाधिकरणाकडे जाता येतं ते मोटार वाहनाच्या वापरातून झालेल्या अपघातासाठी. सक्तीचा तृतीय पक्ष विमाही मोटार वाहनालाच. उद्या स्टेशन रोडवर एखाद्या आजीला सूट असलेल्या स्कूटरने धडक दिली, तर तिच्यासाठी तो सोपा रस्ता बंद. दिवाणी दावा करा, तोही ज्याच्याकडे विमा नाही अशा पोराविरुद्ध. व्याख्येच्या एका ओळीने दोघांनाही उघड्यावर टाकलं: पोराच्या डोक्याला आणि आजीच्या उपचाराच्या खर्चाला.

गंमत म्हणजे वाट नियमांतच सापडते. फेब्रुवारी २०२२ च्या दुरुस्तीने मोटारसायकलवर नेल्या जाणाऱ्या नऊ महिने ते चार वर्षांच्या मुलांसाठी हेल्मेट सक्तीचं केलं आणि भारतीय मानक तयार होईपर्यंत ईएन १०७८ सारखं सायकलचं हेल्मेट चालेल असं म्हटलं. सोबत सुरक्षा पट्टा आणि ताशी ४० ची मर्यादा. म्हणजे वाहन न बघता बसणाऱ्याचं डोकं बघून नियम लिहिता येतो हे नियम करणाऱ्यांना ठाऊक आहे.

माझं मत विचाराल तर हेल्मेटचं कलम ‘मोटारसायकल’ या शब्दापासून सोडवावं. सार्वजनिक रस्त्यावर मोटारीच्या शक्तीने चालणारं आणि बसणाऱ्याभोवती बंद सांगाडा नसलेलं कुठलंही वाहन, चाकं कितीही असोत, एवढी व्याख्या पुरे. मोटार आहे की नाही आणि माणूस उघड्यावर आहे की नाही, दोन्ही लांबून दिसतं. पायडलची सायकल आणि पायडलची एकचाकी सक्तीबाहेरच राहू द्यावी. तिथे सक्तीने सायकल चालवणारेच कमी होतील का, हा वेगळा वाद आहे आणि त्याचा निकाल व्याख्येतून गुपचूप लावू नये. माझ्या व्याख्येतही भेग असेल. रिक्षा तिच्यात कुठे बसते ते बघा बरं.

आता तुमचा प्रस्ताव काढा. मुख्य संज्ञा निवडा आणि तिला तीन प्रश्न विचारा. ही व्याख्या मला हवं तेच मोजते की त्याच्या जागी उभं केलेलं दुसरं काही? दुसऱ्या कुणी हीच व्याख्या वापरली तर त्याला तीच उत्तरं मिळतील का? आणि माझ्या विषयातली एकचाकी कोणती, जी कुठल्याच रकान्यात बसत नाही? तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर सापडेना, तर सादरीकरणाच्या आधी आणखी एक दिवस शोधा. नाहीतर परीक्षक शोधून देतीलच.